त्सिलरटालला पहिल्यांदाच स्कीइंगला जाताना

वाचकांचं पत्र

आम्ही पुण्याचे. मी, माझे मिस्टर, मुलगी (वय १२), मुलगा (वय ७) आणि सासूबाई (वय ६८). नणंद म्युनिकला असते. तिच्या आग्रहामुळे येत्या हिवाळ्यात २४ ते ३१ डिसेंबर ऑस्ट्रियातल्या त्सिलरटालला स्कीइंगला जायचा विचार आहे. ती म्हणते, सगळ्या दरीचा मिळून एकच पास निघतो आणि ५४० किलोमीटरचे उतार आहेत, एक दिवसही तोच डोंगर पुन्हा नको. मिस्टरांनी कॉलेजात असताना गुलमर्गला दोन आठवड्यांचा बेसिक कोर्स केला होता. मी आणि मुलं स्कीवर कधी उभेही राहिलेलो नाही. कुठल्या गावात राहावं? पास सगळ्यांनी घ्यावा का? कपडे-सामान इथूनच घ्यावं का? सासूबाई दिवसभर काय करतील? आम्ही शाकाहारी आहोत. एकूण खर्चाचा अंदाजही द्यावा.

उत्तर

नमस्कार.

नणंदेने सांगितलेला आकडा बरोबर आहे. त्सिलरटालच्या सुपर स्कीपासवर ५४० किलोमीटरहून जास्त उतार आणि १८० च्या आसपास लिफ्ट येतात. पण तुमच्यातले तिघं जण पहिल्यांदाच स्कीवर उभे राहणार आहेत, आणि नवशिक्याला पहिले चार दिवस लागतो तो एकच रुंद, मंद उतार, तोही पुन्हा पुन्हा तोच. रोज नवा डोंगर बदलला तर रोज नवी लिफ्ट, नवी वाट आणि नवी भीती. शिकणं मागे पडतं. म्हणून बेत आखताना एवढंच आधी ठरवा की तुमच्यातला सगळ्यात नवखा माणूस पहिल्या सकाळी कुठल्या डोंगरावर जाणार. गाव, घर, पास, स्की स्कूल हे सगळं त्यावरून आपोआप ठरत जातं.

आता दरीची रचना. येनबाखजवळ इन नदीच्या खोऱ्यातून ही दरी दक्षिणेला वळते आणि साधारण ३२ किलोमीटरवर मायरहोफेनला पोचते. तिथून एक फाटा वर टुक्सच्या दरीत, हिंटरटुक्सच्या हिमनदीपर्यंत जातो. स्कीचे मोठे भाग चार: खालच्या तोंडाशी फ्युगेन-काल्टेनबाखच्या बाजूचा, मग त्सेल आम त्सिलरपासून गेर्लोसपलीकडे पसरलेला त्सिलरटाल अरेना, मग मायरहोफेन, आणि शेवटी हिंटरटुक्स. पास एकच असला तरी सगळे डोंगर स्की घालून एकमेकांना जोडलेले नाहीत. एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बहुतेक वेळा खाली दरीत उतरून बस किंवा रेल्वे धरावी लागते. मायरहोफेनहून हिंटरटुक्सला स्कीबसने पाऊण तास तरी धराच. पायात जड बूट, खांद्यावर स्की, सोबत सात वर्षांचं मूल अशा अवस्थेत हा प्रवास रोज करायचा नाही.

तुमच्यासाठी मायरहोफेन योग्य. गाव ६३० मीटर उंचीवर आहे, रेल्वे थेट येते, दुकानं-दवाखाना पायी अंतरावर आहेत आणि सासूबाईंना एकटीने फिरता येईल इतका सपाट रस्ता आहे. मात्र गावाला दोन डोंगर आहेत आणि इथेच नवखी कुटुंबं चुकतात. गावाच्या मधोमध, मुख्य रस्त्यावरून वर जाते ती पेंकेनची केबल कार. २०१५ साली नवी झाली, देखणी आहे, सगळी गर्दी तिथेच जाते, म्हणून लोक विचार न करता त्याच रांगेत उभे राहतात. पेंकेन हा मुख्यतः मध्यम आणि पट्टीच्या स्कीअरचा डोंगर आहे. ७८ टक्के चढाचा 'हाराकिरी' हा प्रसिद्ध काळा, म्हणजे सगळ्यात अवघड श्रेणीतला उतार तिथलाच. शिवाय पेंकेनवरून मायरहोफेनला स्की करत उतरायला सोपी वाट नाही. संध्याकाळी सगळ्यांना केबल कारनेच खाली यावं लागतं आणि साडेतीननंतर वर मोठी रांग लागते.

तुमचा डोंगर दुसरा, आहोर्न. त्याची केबल कार गावाच्या दक्षिण टोकाला आहे, एका पाळण्यात १६० माणसं मावतात. वर सुमारे २,००० मीटरवर रुंद, उन्हातलं पठार आहे, नवशिक्यांसाठी मंद उतार आहेत आणि गर्दीही पेंकेनपेक्षा कमी असते. आहोर्नवरून गावापर्यंत साडेपाच किलोमीटरचा लांब उतार आहे, तो पहिल्या आठवड्यात तुमच्यासाठी नाही. खाली येताना केबल कारच. घर शोधताना नकाशावर 'आहोर्नबान' चं स्टेशन शोधा आणि तिथून चालत दहा मिनिटांच्या आत जे मिळेल ते घ्या. स्कीबूट घालून दहा मिनिटं चालणं म्हणजे एरवीची वीस मिनिटं.

तारखांबद्दल मात्र आमचं मत तुमच्या बेताविरुद्ध आहे. २४ ते ३१ डिसेंबर हा आल्प्समधला सगळ्यात महाग आठवडा. घरं शनिवार ते शनिवारच मिळतात, स्की स्कूलचे गट भरलेले असतात, आणि गावालगतच्या उतारांवर त्या दिवसांत नैसर्गिक बर्फ असेलच याची खात्री नसते; कृत्रिम बर्फाच्या पट्ट्यांवर सगळी गर्दी एकवटते. ६ जानेवारीला तिथली सुटी संपते. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे दर उतरतात आणि रांगा ओसरतात. मुलांची शाळा आठवडाभर बुडेल, पण बारावं आणि सातवं वर्ष हे बुडवायला परवडणारं वय आहे. जानेवारीचा एकच तोटा म्हणजे थंडी. वर उणे दहा-पंधरापर्यंत तापमान जातं आणि साडेचारनंतर अंधारून येतं. फेब्रुवारीत व्हिएन्ना, बव्हेरिया, नेदरलंड्स यांच्या शाळांच्या सुट्या एकामागून एक येतात, तो महिना टाळा. मार्चचा पहिला पंधरवडा हवामानाला उत्तम, पण तो आपल्याकडे परीक्षांचा. दिवाळीच्या सुटीत जायचं कुणी सुचवलं तर त्या दिवसांत खात्रीचा बर्फ फक्त हिंटरटुक्सच्या हिमनदीवर असतो. ती बाराही महिने सुरू असते, पण उंची ३,२५० मीटरपर्यंत जाते. पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना तिथे थंडी आणि विरळ हवा दोन्ही सोसवत नाहीत.

डिसेंबरच पक्का असेल तर आजच घर आणि स्की स्कूल दोन्ही एकाच दिवशी बुक करा. आधी स्कूल, मग घर. स्कूलला लिहिताना मुलांची वयं, 'पूर्ण नवशिके' आणि इंग्रजीतून शिकवणारा गट हवा, हे तीनही लिहा. नाहीतर मुलगा फक्त जर्मन बोलणाऱ्या गटात जाऊन गप्प बसेल. पहिल्या दिवशी नेमकं कुठे जमायचं, खाली गावात की वर केबल कार स्टेशनवर, हेही लेखी विचारून घ्या. मुलांचे गट साधारण चार तास चालतात आणि दुपारचं जेवण वेगळे पैसे देऊन गटातच मिळतं. ते घ्या. मधल्या सुटीत आई दिसली की सात वर्षांचं मूल पुन्हा बर्फावर जायला तयार होत नाही. गट बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि पाच दिवसांचे असतात. मध्येच बुधवारी नवशिक्यांचा नवा गट सुरू होईल असं धरून चालू नका. तुमच्या येण्याचा दिवस यावरूनच ठरवा.

तुमच्यासाठीही गट चालेल. मिस्टरांनी मात्र पहिल्या सकाळी दोन तासांचा खासगी धडा घ्यावा. गुलमर्गचा जुना कोर्स अंगात राहिलेला असतो, म्हणून त्यांना नवशिक्यांच्या गटात कंटाळा येईल. पण पाय विसरलेले असतात, म्हणून पुढच्या गटात ते मागे पडतील. दोन तासांत प्रशिक्षक त्यांची पातळी सांगेल. आणि घरच्यांना शिकवायचा मोह त्यांनी आवरावा. नवरा बायकोला शिकवताना दोघांचा दिवस वाया जातो आणि बायको भलत्याच उतारावर अडकते, हे आल्प्समध्ये रोज दिसतं.

पास. एका दिवसाचं तिकीट त्या त्या भागापुरतं असतं. दोन दिवसांपासून पुढे सुपर स्कीपास मिळतो आणि तो सगळ्या दरीत चालतो. सहा दिवसांचा मोठ्यांचा पास अलीकडच्या हंगामांत साडेतीनशे ते चारशे युरोच्या घरात आहे. मुलांना साधारण निम्म्या दरात मिळतो आणि वय जन्मवर्षावरून धरतात, म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. नवशिक्यांनी पहिल्या दिवशीच सहा दिवसांचा पास काढू नये. पहिला दिवस सरावाच्या पट्ट्यावर, म्हणजे सरकत्या पट्ट्याच्या मॅजिक कार्पेटवर जातो. त्यासाठी कुठलं तिकीट पुरेल हे स्कूलच सांगतं. सात दिवसांपैकी कुठलेही पाच दिवस असेही पास असतात. सलग पासपेक्षा दिवसाला थोडे महाग पडतात, पण वादळाचा किंवा आजारपणाचा दिवस वाया जात नाही. मुलं असताना तेच बरे. दरीतल्या स्कीबस आणि त्सिलरटालची छोटी रेल्वे पासावरच चालतात. पासाचं कार्ड जॅकेटच्या डाव्या बाजूच्या खिशात, एकटं ठेवा. फाटकावरचं कार्ड वाचणारं यंत्र डावीकडे असतं, आणि त्याच खिशात मोबाइल किंवा दुसरं कार्ड असेल तर फाटक उघडत नाही, मागे रांग खोळंबते.

आता सामान. स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट तिथेच भाड्याने घ्या. कपडे इथून न्या. दुकान शक्यतो आहोर्नच्या केबल कारजवळचं निवडा. अशा दुकानांत सामान रात्री ठेवायची सोय असते आणि बूट वाळवायचे गरम दांडे असतात. सकाळी ओला, थंड बूट पायात घालणं हे मुलाच्या रडण्याचं पहिलं कारण. ऑनलाइन आधी आरक्षण केलं तर सूट मिळते, पण बूट घालून पाहायला आदल्या संध्याकाळीच जा. सकाळी नऊला दुकानात गर्दी असते आणि घाईत बूट चुकतो.

बुटाचा मुद्दा सविस्तर सांगतो, कारण स्कीइंगचा आठवडा बुटावर तरतो किंवा बुडतो. बुटाचा नंबर पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतो. २५.५ म्हणजे साडेपंचवीस सेंटिमीटरचा पाय. आपल्या नेहमीच्या चपलेचा नंबर सांगू नका, पाय मोजून घ्या. पायात एकच पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा स्की-मोजा घाला. दोन मोजे घातले की घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पँट बुटाच्या आत खोचायची नाही. ती बुटाच्या वर संपली पाहिजे, नाहीतर नडगीवर वळ उठतो. आता बूट घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे पाय मागे सरकेल. मग खालपासून वर बकल लावा, हलकेच. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी बुटावर दाबली की बोटं जराशी मागे यायला हवीत. टाच उचलून पाहा. उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. नवखी माणसं नेहमी मोठा बूट मागतात, कारण दुकानात तो आरामशीर वाटतो. उतारावर पाय आत हलतो, स्की वळत नाही, आणि माणूस बकल आवळत जातो, मग पाय बधिर होतात. दुकानात पाच-दहा मिनिटं बूट घालून उभे राहा. दाब सगळीकडून सारखा असेल तर ठीक. एका जागी टोचत असेल तर लगेच बदलून मागा. नंतरही बदलून देतात, संकोच करू नका.

दुकानदार वजन, उंची, वय आणि पातळी विचारेल. त्यावरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोर आला की सुटायची ते तो ठरवतो. वजन कमी सांगितलं तर स्की विनाकारण सुटते; जास्त सांगितलं किंवा 'मला येतं' म्हटलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. खरं वजन सांगा, पातळी 'नवशिका'. स्कीची लांबी हनुवटीपर्यंत किंवा किंचित कमी असली की पुरे. सात वर्षांच्या मुलाला सुरुवातीला काठ्या देत नाहीत, मागूही नका. हेल्मेट चौघांनाही. भाड्याच्या सामानावर चोरीचा आणि मोडतोडीचा विमा थोड्या पैशात मिळतो, तो घ्या. उपाहारगृहाबाहेर सारख्या दिसणाऱ्या शेकडो स्की उभ्या असतात आणि नजरचुकीने अदलाबदल होते. जोडीतली एक स्की इथे, एक तिथे अशी ठेवायची.

कपड्यांत सुती काहीही नको, आतला गंजीसुद्धा. कापूस घाम धरून ठेवतो आणि लिफ्टवर बसल्यावर तोच गार पडतो. जीन्स तर नकोच. अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, वर जलरोधक जॅकेट आणि पँट, कपड्याची जलरोधकता निदान १०,००० मिलिमीटर लिहिलेली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या क्रीडासाहित्य दुकानांत हे हिवाळ्यात मिळतं. मुलांचे माप लवकर संपतात म्हणून ऑक्टोबरातच घ्या. मुलांना बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन घ्या, एकत्र राहिलेली बोटं गरम राहतात, आणि दोन जोड न्या. गॉगल साधा चालणार नाही, स्कीचाच हवा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो, म्हणून ढग असतानाही एसपीएफ ५० चं क्रीम, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीसुद्धा लावा, आणि ओठांना वेगळं.

निघण्याआधी सहा ते आठ आठवडे मांड्यांची तयारी करा. स्कीइंगमध्ये स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि त्याचा सगळ्यात स्वस्त सराव तुमच्या दारात आहे. शनिवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा, पण जीपने खाली येऊ नका. खरा व्यायाम उतरण्यात आहे. आठवड्यात तीनदा भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, मिनिटभर, चार वेळा. गुडघ्याच्या दुखापती बऱ्याचदा थकलेल्या पायांवर, दुपारी उशिरा, 'एक शेवटची फेरी' म्हणताना होतात. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला थांबायचं हे घरूनच ठरवून जा.

उतारांचे रंग ऑस्ट्रियात निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समधला हिरवा इथे नाही, म्हणून निळा म्हणजे अगदीच सपाट असं समजू नका. खालच्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने वाट काढायची. थांबायचं तर कडेला, वळणाच्या किंवा उंचवट्याच्या लगेच खाली कधीच नाही. सव्वा मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाने चेअरलिफ्टवर मोठ्या माणसाशेजारीच बसायचं असतं. तुमचा मुलगा बहुधा त्यात येईल. पुढे कधी तुम्ही अरेनाच्या बाजूला, गेर्लोसकडे गेलात तर परतीच्या जोडलिफ्टची शेवटची वेळ सकाळीच फलकावर वाचून घ्या. ती चुकली की डोंगरापलीकडून टॅक्सी, आणि तिचं भाडं दिवसाच्या पासाहून जास्त. दक्षिणेकडून फोन नावाचं जोराचं कोरडं वारं सुटलं की वरच्या लिफ्ट बंद होतात. अशा दिवशी हिंटरटुक्सची बस धरण्यापूर्वी तिथल्या लिफ्टची स्थिती पाहा. तिकडे एक दिवस जायचंच असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी जा. ६३० मीटरवर झोपून ३,००० च्या वर एकदम गेलं की डोकं दुखतं. भरपूर पाणी प्या आणि मुलांची कुरकुर मनावर घ्या.

सासूबाईंना आहोर्नच्या केबल कारचं पादचाऱ्यांचं तिकीट काढा. वर बर्फात चालायच्या आखलेल्या वाटा आहेत, उन्हात बसायला उपाहारगृह आहे, आणि तुमची मुलं शिकताना दिसतील. एका दिवशी येनबाखपर्यंत रेल्वेने जाऊन यावं. ही ७६० मिलिमीटर रुंदीची छोटी लाइन १९०२ पासून मायरहोफेनला येते, तासाभराहून थोडा कमी प्रवास, खिडकीतून सगळी दरी दिसते. फ्युगेनला गरम पाण्याचे तलाव असलेलं स्नानगृह आहे. हिंटरटुक्सच्या बर्फाखालच्या गुहेची जाहिरात दिसेल. तिथे आत शिड्या आणि अरुंद वाटा आहेत, या वयात नको. त्यांच्यासाठी खरी जोखीम गावातला फुटपाथ. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी रस्ता काचेसारखा होतो. खोल नक्षीच्या तळव्याचे घोट्यापर्यंतचे बूट न्या, आणि बुटावर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी घ्या.

व्हिसासाठी अर्ज ऑस्ट्रियाकडे, जर्मनीकडे नाही, विमान म्युनिकला उतरत असलं तरी. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा नियम आहे. नणंदेकडे दोन रात्री आणि मायरहोफेनला सात, तर ऑस्ट्रिया. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांआतल्या मुलांची ४५. मुलगी १२ पूर्ण असल्याने तिला पूर्ण फी आणि बोटांचे ठसे, मुलाला अर्धी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबर-जानेवारीसाठी सप्टेंबरातच अपॉइंटमेंट घ्या.

विम्यात काटकसर करू नका. व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा लागतो, पण साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. पॉलिसीच्या शब्दांत 'हिवाळी क्रीडा' आणि 'डोंगरावरून सुटका, हेलिकॉप्टरसह' हे दोन्ही शोधा. ऑस्ट्रियात हेलिकॉप्टरने खाली आणलं तर बिल जखमी माणसाला येतं आणि ते काही हजार युरोंचं असतं. पॉलिसीचा क्रमांक मोबाइलमध्येच नको, कागदावर लिहून जॅकेटच्या आतल्या खिशात. डोंगरावरच्या मदतीसाठी १४०, एरवी ११२. अपघात झाला तर जवळच्या खांबावरचा उताराचा क्रमांक सांगा, त्यावरून पथक नेमकं पोचतं.

म्युनिकहून येनबाखला थेट रेल्वे दीड तासाच्या आसपास, तिथून छोटी रेल्वे. नणंदेची गाडी असेल तर शनिवारी येऊ नका. सगळ्या घरांची अदलाबदल त्या दिवशी होते आणि दरीच्या तोंडाशी तासन् तास गाड्या उभ्या राहतात. शनिवारीच यावं लागलं तर पहाटे निघा. हिवाळी टायर आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गाचा टोल-स्टिकर म्हणजे विन्येट, दोन्ही हवेत.

खर्च. विमान आणि व्हिसा सोडून, जानेवारीत पाच जणांसाठी दोन बेडरूमचं स्वयंपाकघर असलेलं घर सात रात्री दीड ते दोन हजार युरो, चौघांची शिकवणी हजार ते चौदाशे, सामान पाचशेच्या आसपास, पास आठशे ते हजार, आणि किराणा, दुपारचं जेवण, विमा, गावाचा रात्रीचा कर धरून उरलेले हजार-दीड हजार. बेरीज पाच ते साडेसहा हजार युरो, युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर पाच ते साडेसहा लाख. नाताळात यातलं घर दीडपट ते दुप्पट होतं.

जेवणाचं बघता हॉटेलपेक्षा घर घ्या. डोंगरावर शाकाहारी काही मिळतंच. चीज घातलेले केझश्पेत्सले (छोट्या शेवयांसारखा प्रकार), पालकाचे क्नोडेल (उकडलेले गोळे), बटाट्याचे तळलेले काप हे नेहमीचे. अंडं चालत असेल तर काइझरश्मारन, म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक, मुलांना आवडेल. केझश्पेत्सलेतही अंडं असतं. सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. वर भाज्या तरंगत असल्या तरी खालचं पाणी बहुधा गोमांसाचं असतं, आणि साध्या 'क्नोडेल'मध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' (मांस नको, बेकन नको) असं म्हणून मागा. शनिवारी संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, त्यामुळे पोचायच्या आधी वाटेतच दूध, पाव, भाज्या भरा. पुण्याहून मुगाची डाळ, पोहे, रवा, गोडा मसाला, मेतकूट, कोरडी चटणी, चिवडा न्या. तूप, पेढे, बर्फी, खवा घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नाहीत, कढीपत्ता वाळवून न्या.